विसावा : वॉर्डच्या ड्युटी लिस्टचं काम, माझ्या नोंदी

५ जानेवारी २०२५

आजपासून कामाची नोंद ठेवायची. नर्सिंगमध्ये तेरा वर्षं गेली. चार्टवर लिहिलं नाही ते झालंच नाही, ही आमची शिकवण, ती कोड लिहितानाही मोडायची नाही.

आधी परिस्थिती लिहून ठेवते. मध्य मुंबईतल्या एका खाजगी हॉस्पिटलचा मेडिसिन वॉर्ड. एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, धरून आम्ही चौदा जण. मॉर्निंग सात ते अडीच, इव्हिनिंग दोन ते साडेनऊ, नाइट नऊ ते सकाळी साडेसात. दोन पाळ्यांमधला अर्धा तास ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला, द्यायला-घ्यायला.

सुरुवात शुक्रवारच्या सकाळमुळे झाली. आमची एक ज्युनियर बदलापूरला राहते. गुरुवारी तिची इव्हिनिंग होती, ओव्हर लांबली, घरी पोचली तेव्हा सव्वाबारा झाले होते. शुक्रवारी मॉर्निंग, म्हणजे गजर चारचा. नऊच्या सुमारास ती औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी होती. हातात इन्सुलिनची १०० युनिटची (एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट) व्हायल आणि लाल टोपीची सिरिंज. लाल टोपी म्हणजे ४० युनिटच्या इन्सुलिनसाठीची. त्या सिरिंजवर दहाच्या खुणेपर्यंत भरलं असतं तर पेशंटला दहाऐवजी पंचवीस युनिट गेले असते. ती थांबली, लेबल पुन्हा वाचलं, आणखी एकदा वाचलं, आणि मला म्हणाली, “सिस्टर, हे जरा बघता का? मला काहीतरी चुकतंय असं वाटतंय, पण काय ते कळत नाहीये.”

तिनं विचारलं म्हणून काही झालं नाही. हुशार मुलगी आहे. चार तासांहूनही कमी झोपेवर उभी होती, एवढंच.

त्याच आठवड्यात आमच्याकडे ताणमुक्तीवर व्याख्यान झालं. बोलणाऱ्या बाई मनापासून बोलल्या. वेळ दुपारी तीनची होती, आणि सकाळी नाइट संपवून घरी गेलेल्या तिघींना त्यासाठी परत बोलावलं होतं.

गेलं वर्षभर मी सॉफ्टवेअर शिकतेय. लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप आणला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे ऐकत लिनक्स आणि स्प्रेडशीट शिकले, नंतर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. छत्तिसाव्या वर्षी हे क्षेत्र बदलायचं ठरवलंय आणि त्यासाठी दाखवायला एक खरं काम हवं. ते हेच. नाव ठेवलंय विसावा.

१९ जानेवारी

डिसेंबरची कागदी लिस्ट इन-चार्ज सिस्टरांकडून मागून घेतली आणि तीन संध्याकाळी बसून टाइप केली. एक ओळ म्हणजे एका व्यक्तीची एक पाळी. मग मोजायला घेतलं, की एक पाळी संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत किती तास मिळाले.

इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग लागली तर मिळतात साडेनऊ तास. त्यातून प्रवास वजा. डोंबिवलीच्या माझे तीन जातात, बदलापूरवालीचे चारच्या वर. जेवण, अंघोळ, डबा भरणं, मुलांचं काही, हे सगळं उरलेल्यातून.

डिसेंबरमध्ये अशा सत्तावीस जोड्या निघाल्या.

किती विश्रांती पुरेशी मानायची, हे मला मनानं ठरवायचं नव्हतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९७७ मध्ये परिचारिकांसाठी वेगळा करार केला, त्यासोबत १५७ क्रमांकाची शिफारस आहे. तिच्यात दोन पाळ्यांमध्ये सलग किमान बारा तास विश्रांती असावी असं म्हटलंय. युरोपीय संघाचा २००३ चा कामाच्या वेळेचा नियम रोज सलग अकरा तास सांगतो. आमचे साडेनऊ दोन्हींत बसत नाहीत. मी बारा धरले. माझ्या जन्माच्या आधी कुणीतरी हे लिहून ठेवलं होतं, आणि तेरा वर्षांत मला ते कुणी सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं.

२ फेब्रुवारी

नाइटचे तास उणे साडेतेरा. साडेसातातून एकवीस वजा, सरळ हिशेब. तारीख बदलते हे प्रोग्रॅमला कुठून कळणार? आता प्रत्येक पाळीला तारखेसकट सुरुवात आणि शेवट दिलाय, नुसती वेळ कुठेच ठेवत नाही. साडेदहा तास बरोबर येतात. या एका चुकीवर दोन रात्री गेल्या, पण वेळ आणि तारीख वेगळी ठेवू नये हे आता कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

१ मार्च

लिस्ट नुसती तपासून भागणार नाही, करूनही द्यायला हवी. शोधलं तर नर्सेसची ड्युटी लावणं हा संगणकशास्त्रातला नावाजलेला प्रश्नच निघाला. गूगलच्या ओआर-टूल्स या मोफत साधनाच्या माहितीत उदाहरणच नर्सेसचं आहे: चार नर्स, तीन दिवस, रोज तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला एक जण, प्रत्येकीला किमान दोन पाळ्या. ते पान वाचताना छाती भरून आली. जगभरात हे शिकणारे आधी आमच्या ड्युटी लिस्टपाशी थांबतात तर.

आमचं मोठं आहे. चौदा जण, तीस दिवस, तीन पाळ्या, म्हणजे १२६० हो-नाहीचे प्रश्न. ‘ही व्यक्ती या दिवशी या पाळीला आहे का?’ एवढाच प्रत्येक प्रश्न. त्यावर नियम घालायचे. एका दिवशी एकच पाळी. इव्हिनिंगच्या दुसऱ्या दिवशी मॉर्निंग नाही. सलग तीन नाइट, त्यानंतर नाइट ऑफ, म्हणजे नाइटनंतरची सुट्टी. आठवड्याची सुट्टी. मॉर्निंगला चार, इव्हिनिंगला तीन, नाइटला तीन जण.

रोज येताना लेडीज डब्यात बसायला मिळालं की एक नियम लिहायचा, असं चाललंय. ठाण्यापर्यंत होतो.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून, पुरणाचं आवरून दुपारी एप्रिलची लिस्ट चालवली. उत्तर आलं: शक्य नाही.

वाटलं माझंच काही चुकलं. एकेक नियम काढून पाहिला, तरी शक्य नाही. बारा तासांचा नियम काढला, ज्यासाठी हे सगळं मांडलं तोही काढला. तरी नाही. शेवटी लॅपटॉप मिटला आणि मुलीच्या वहीचं मागचं पान घेऊन हातानं मांडलं.

रोज दहा जण लागतात. तीस दिवसांच्या तीनशे ड्युट्या. आम्ही चौदा, पण दोघी बाळंतपणाच्या रजेवर, म्हणजे बारा. बारा जणांचे तीस दिवस म्हणजे ३६०. प्रत्येकीच्या चार सुट्ट्या, ४८ गेले. महिन्याला नव्वद नाइट, दर तीन नाइटमागे एक ऑफ, तीस गेले. उरले २८२.

तीनशे हव्यात, आहेत २८२. अठरा कमी.

बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. म्हणजे आजवर या अठरा ड्युट्या आल्या कुठून? डबल ड्युटीतून. ‘आजच्या दिवस थांबतेस का गं’ यातून. कापलेल्या नाइट ऑफमधून. आम्ही एकमेकींवर चिडायचो, इन-चार्ज सिस्टर आपल्या माणसांना सांभाळतात असं मागून बोलायचो, मीही बोललेय. त्या पेन्सिल घेऊन नऊ वर्षं जुळवत होत्या ते मुळात जुळणारं नव्हतंच. कुणीही केली असती तरी ती लिस्ट कुणाच्या तरी झोपेतूनच निघाली असती.

एक माणूस वाढवून पाहिला. तेरा जणांचे ३९०, वजा ५२, वजा ३०, उरतात ३०८. पुन्हा चालवलं. पंधरा-वीस सेकंदांत लिस्ट आली, आणि तिच्यात इव्हिनिंग-मॉर्निंगची एकही जोडी नव्हती.

सासूबाई विचारत होत्या, पाडव्याला रडतेस कशाला. त्यांना वहीचं पान दाखवलं. त्यांनी गिरणगावात पाळीचं काम जवळून पाहिलंय. म्हणाल्या, “हे असं कागदावर मांडून दाखवलं असतं ना कुणी, तर आमच्या ह्यांचंही बरं झालं असतं.”

६ एप्रिल

इन-चार्ज सिस्टरांना पान दाखवलं. त्यांनी दोनदा बेरीज केली, पान घडी करून खिशात ठेवलं आणि मेट्रन मॅडमकडे गेल्या. तक्रार म्हणून पूर्वी दोनदा गेल्या होत्या, या वेळी हिशेब म्हणून गेल्या. दुसऱ्या वॉर्डातून एक सिस्टर तीन महिन्यांसाठी मिळाली.

त्यांच्याकडून मलाही शिकायला मिळालं. माझी लिस्ट बघून म्हणाल्या, “ही सोळा तारखेला नाइट करणार नाही, मुलाचा पेपर आहे. या दोघी एकत्र नाइटला नको, दोघीही नवीन. आणि हिचा गुडघा बघ, तीन नाइट ओळीनं हिला झेपत नाहीत.” यातलं काहीच माझ्या १२६० प्रश्नांत नव्हतं. आता ‘शक्यतो’ नावाचा रकाना आहे. नियम मोडायचे नाहीत, शक्यतो मात्र जमेल तेवढं पाळायचं. आणि शेवटचा हात पेन्सिलीचाच राहील, हे आम्ही ठरवून टाकलं.

२७ एप्रिल

आता दुसरा भाग. माणसं कशी आहेत हे कळायला हवं असं वाटतंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटला आजारांच्या नव्या वर्गीकरणात जागा दिली, तीही आजार म्हणून दिली नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून दिली: कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण, जो नीट हाताळला गेला नाही. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. मूळ कारण कामाच्या जागी आहे असं त्यात मान्य केलंय.

आठवड्याला एकच प्रश्न ठेवते: ‘या आठवड्यात कसं चाललंय?’ शून्य ते पाच. सोबत झोपेचे तास, ऐच्छिक. नाव नाही. सरासरी इन-चार्ज सिस्टरांना दिसेल.

१८ मे

१२ तारखेला परिचारिका दिनी सुरू केलं. यंदा आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेचा विषयही परिचारिकांची काळजी हाच होता.

दोन चुका सापडल्या. एका सिनियर सिस्टरांनी झोपेचे तास मराठी कीबोर्डवरून ‘५’ असे भरले. पायथनला देवनागरी आकडा कळतो, ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला कळत नाही, त्यामुळे फॉर्म अडला. त्यांना वाटलं आपल्यालाच जमत नाही. आकडा आधी बदलून घेतला आणि त्यांना जाऊन सांगितलं की चूक माझी होती.

दुसरी: रात्री दोन सतराला आलेलं उत्तर आदल्या दिवशीच्या २०:४७ ला नोंदलं गेलं. एसक्यूलाइट, म्हणजे उत्तरं साठवणारा डेटाबेस, आपणहून ग्रीनिचची वेळ लावतं, आपल्याहून साडेपाच तास मागे. नाइटवालीचं उत्तर इव्हिनिंगच्या खात्यात. दुरुस्त केलं.

२७ मे

काल पाऊस आला, मुंबईत इतक्या लवकर कधीच आला नव्हता म्हणतात. आज मात्र लिहायचं ते वेगळंच आहे.

परवा रात्रीपर्यंत पाच उत्तरं होती, सरासरी ३.४. काल सकाळी सहा उत्तरं, सरासरी ३.०. इन-चार्ज सिस्टर हिशेबाला पक्क्या. पाच गुणिले ३.४ सतरा, सहा गुणिले तीन अठरा. सहावं उत्तर एक. आणि ते रात्रीतून आलेलं. नाइटला उत्तर द्यायची राहिलेली एकच जण होती, आमची बदलापूरवाली.

त्यांनी काळजीपोटीच विचारलं, पण विचारलं ओव्हरच्या वेळी, सगळ्यांसमोर: “काय गं, काय झालंय तुला? बरं नाही का?” ती नुसती “काही नाही सिस्टर” म्हणाली आणि फाइल उचलून चालायला लागली. लिफ्टपाशी मला भेटली. “तुम्ही म्हणाला होता कुणाला कळणार नाही.”

हो, मी म्हणाले होते.

नाव नसलं की ओळख लपते, असं मी गृहीत धरलं होतं. चौदा माणसांच्या वॉर्डात नाव लागतच नाही. आणि मी तर उत्तर दोनदा येऊ नये म्हणून कर्मचारी क्रमांकाचा हॅशही, म्हणजे त्या क्रमांकापासून बनवलेला सांकेतिक मजकूर, ठेवला होता, तो सुरक्षित समजून. चौदा क्रमांकांचा हॅश उलगडायला चौदा प्रयत्न पुरतात. एखाद्या पेशंटची फाइल मी अशी उघडी टाकली असती का?

रात्रीच सर्व्हरवरचा सगळा तक्ता पुसला. बॅकअपही. सकाळी तिला फोन करून सांगितलं, आणि माफी मागितली.

८ जून

दोन आठवडे कोड लिहिला नाही, विचार केला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याबद्दल वाचलं. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, हे त्यातलं मूळ सूत्र. मग स्वतःला विचारलं, ही माहिती घेऊन इन-चार्ज सिस्टर करणार काय होत्या? लिस्ट सुधारणार होत्या. आणि लिस्ट सुधारायला लागणारं सगळं लिस्टमध्येच आहे. बारा तासांपेक्षा कमी विश्रांती किती वेळा मिळाली, सलग नाइट किती, कापलेले ऑफ किती. कोण थकणार आहे हे माणसाला विचारायच्या आधीच त्या कागदावर दिसतं. मी उगीच त्यांच्या मनात डोकवायला गेले.

सरासरी काढून टाकली. आठवड्याचा प्रश्नही गेला.

त्याऐवजी डब्ल्यूएचओ-५ ठेवलंय, १९९८ पासून वापरात असलेली पाच प्रश्नांची यादी. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच, बेरीज गुणिले चार, शंभरपैकी गुण. हिशेब ज्याच्या-त्याच्या फोनवरच होतो, सर्व्हरकडे काहीही येत नाही, फोनवरही साठत नाही.

इथे माझ्यातली नर्स अडून बसली होती. वाचन खराब आलं की डॉक्टरांना कळवायचं, हे रक्तात आहे. इथे वाचन मला दिसणारच नाही. दोन दिवस घालमेल झाली. मग एवढं केलं: गुण पन्नास किंवा त्याहून कमी आले, की त्याच पडद्यावर मोठ्या अक्षरात १४४१६, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. खाली एक ओळ: ‘हे निदान नाही, पण कुणाशी तरी बोलायला हवं.’ बटण दाबलं की थेट फोन लागतो. कोणी दाबलं, ते मला कधीच कळणार नाही.

२९ जून

मुलाखत, अंधेरीत. डिग्री कॉम्प्युटरची नाही म्हणून नाही म्हणाले. उणे साडेतेराची गोष्ट मात्र दोघांनीही नीट ऐकून घेतली.

२१ ऑगस्ट

१९ तारखेला सीएसएमटी ते ठाणे मुख्य मार्गावरच्या गाड्या बंद पडल्या. मी मॉर्निंगला सात वाजता पोचले होते. इव्हिनिंगच्या तिघींपैकी शिवडीची एकटी आली, गुडघाभर पाण्यातून, चपला हातात घेऊन. बाकी आम्ही चौघी मॉर्निंगवाल्या थांबलो. वीस तारखेच्या सकाळपर्यंत.

त्या दिवशी विसाव्याचा काही उपयोग नव्हता. उपयोग झाला इन-चार्ज सिस्टरांच्या एका कागदाचा. टेम्परेचर चार्टच्या पाठीमागे त्यांनी नावं लिहिली आणि पुढे वेळ: कोण कधी दोन तास पडलं. प्रोसिजर रूममधल्या टेबलावर, आळीपाळीनं. वॉर्डच्या मावशींनी स्वतःच्या घरची चादर तिथे आणून ठेवली होती. मामांनी कँटीनमधून भात आणला. रात्री तीनला माझी पाळी आली तेव्हा उशी अजून कोमट होती.

काल झोपून उठल्यावर तो चार्ट फोनवर मागवून घेतला आणि त्याप्रमाणे लिहिलं. नवा रकाना, ‘सलग तास’. सोळाच्या वर गेले की पुढचे दोन दिवस त्या व्यक्तीला नाइट लागत नाही, आणि कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, पंधरा दिवसांच्या आत लिस्टमध्ये बसवलाच जातो, ‘नंतर बघू’ राहत नाही. माझे साडेचोवीस तास निघाले. बदलापूरवालीचेही तेवढेच. तिला शुक्रवार-शनिवार सुट्टी लागलीय, लिस्टनं दिलेली, तिला मागावी लागली नाही.

१४ सप्टेंबर

ऐरोलीतल्या एका कंपनीत, हॉस्पिटलची सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर निवड झाली. पगार सध्यापेक्षा थोडा कमी. रुजू व्हायचं ३ नोव्हेंबरला, तोपर्यंत नोटिस.

बदलापूरवालीला सांगितलं तेव्हा म्हणाली, “मग विसावा कोण बघणार?” आमचा ब्रदर गेले दोन महिने माझ्याकडून शिकतोय. पेशंटची ओव्हर देतो तशीच त्याला दिली: काय चालू आहे, काय अडलंय, कशावर लक्ष ठेवायचं. कागद केला, त्यावर दोघांच्या सह्या केल्या.

आज ऑक्टोबरची लिस्ट त्यानं एकट्यानं चालवली. शक्य नाही. २१ तारखेला लक्ष्मीपूजन, सुट्टी मागितलीय सात जणांनी, आणि तेरातून दहा लागतात, म्हणजे तिघांनाच देता येते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी इन-चार्ज सिस्टरांकडे. त्यांनी कपाटातून मागच्या दोन दिवाळ्यांच्या वह्या काढल्या, कुणाला कधी सुट्टी मिळाली होती ते बघायला. ब्रदर एकेक नाव भरतोय. २०२३ चं पान चहानं भिजलंय, नाइटची दोन नावं वाचता येत नाहीत. उद्या ओव्हरच्या वेळी विचारायचं.